हनुवटीची काही चूक नव्हती

मी दात दाखवायला गेलोच नव्हतो. दाखवायचे होते ते लेकीचे. डिसेंबर 2021ची गोष्ट. ती तिसरीत होती, दुधाचे दात पडून पुढचे नवे दात आले होते आणि वरचे दोन्ही पटाशीचे दात खालच्या दातांच्या आत उतरले होते. आमच्या नेहमीच्या डेंटिस्टने "हे माझं काम नाही, ऑर्थोडोंटिस्टना दाखवा" म्हणून मिरजेची, दात-जबडे जुळवणाऱ्या डॉक्टरांची, चिठ्ठी दिली. दुखणं कुठलंही असो, सांगलीकराला मिरज काही चुकत नाही.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी लेकीला खुर्चीत आडवं केलं, आरसा फिरवला, "दाढांवर चाव, आता गिळ, आता परत चाव" असं दोन-तीनदा करून घेतलं. मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही जरा मास्क खाली घेता का?" घेतला. "चावून दाखवा." दाखवलं. "आणि तुमचे वडील?"

अण्णांचंही असंच आहे. आत्याचं आहे, भिंतीवरच्या फोटोतल्या आजोबांचं तर फेट्याखालीही लपत नाही. आमच्यात जमीन वाटून वाटून गुंठ्यांवर आली, पण हनुवटी मात्र प्रत्येकाच्या वाट्याला पूर्ण आली. बाजूनं बघितलं तर कपाळ नीट, मधला चेहरा जरा आत गेलेला आणि खाली हनुवटी एकदम पुढे. शाळेत मला 'चंद्रकोर' म्हणायचे. त्याचं फारसं वाईट वाटल्याचं आठवत नाही. वाईट वाटायचं ते उसाचं. कृष्णाकाठच्या गावात, घरचा ऊस असताना, सगळी पोरं कांडं तोंडात धरून पुढच्या दातांनी सालं काढायची आणि मी ते तिरकं करून दाढेखाली घालायचो. "दात काय शोभेला हायत का?" असं आमचा एक चुलतभाऊ दर सुगीला न चुकता विचारायचा.

मॅडमनी विचारलं, "पुढच्या दातांनी काय काय तोडता?" मी जरा विचार केला आणि मला उत्तर सापडेना. घरी येऊन बायकोला विचारलं, तू सँडविच कशानं तोडतेस? ती म्हणाली, "दातानं. आणखी कशानं?" मी वडापावसुद्धा बोटांनी तुकडा मोडून बाजूनं आत ढकलत आलो होतो. शिवणाचा दोरा दातानं तुटत नाही, पेरूला दात लावता येत नाही, शेवया ओठांनी चिमटून तोडायच्या. माझे वरचे आणि खालचे पुढचे दात एकमेकांना काम करण्यासाठी कधी भेटलेच नव्हते आणि हे मला वयाच्या 37व्या वर्षी, मॅडमनी विचारल्यावर कळलं.

लेकीचं त्यांनी लगेच सांगितलं. खालचा जबडा पुढे आल्यासारखा दिसतो, पण तिचा वरचा जबडा मागे आणि अरुंद राहिलाय. या वयात तो ओढून पुढे आणता येतो. टाळूत स्क्रूची पट्टी बसवायची, ती किल्लीने रोज थोडी फिरवायची आणि मग चेहऱ्यावर एक सांगाडा बांधायचा, त्याला रबरं लावून वरचा जबडा पुढे खेचायचा. रोज चौदा तास, म्हणजे शाळा सोडून जवळजवळ सगळा वेळ. मला म्हणाल्या, "तुमची वाढ संपली. तुमचं हाड आता ओढून येणार नाही, कापून आणावं लागेल. घाई काहीच नाही. पण विचार करून ठेवा."

मी विचारबिचार काही केला नाही. महिनाभरानं भडंगातल्या एका शेंगदाण्यावर डावीकडची खालची दाढ तडकली. भडंग आमच्या सांगलीचं, शेंगदाणाही घरचाच, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? रूट कॅनल करताना डॉक्टर म्हणाले, "तुमच्या दाढा दोन माणसांचं काम करतात. पुढच्यांचं पण त्याच करतात." त्याच आठवड्यात लेकीच्या टाळूत पट्टी बसली. रात्री मी किल्ली फिरवत होतो, एका वेळेला पाव मिलिमीटर. ती तोंड उघडं ठेवून पडल्या पडल्या म्हणाली, "बाबा, तुझं पण असंच आहे ना? मग तू का नाही करत?" तोंडात पट्टी असल्यामुळे ते "तुदं पण अदंच" असं ऐकू आलं, पण प्रश्न स्पष्ट होता.

मग रीतसर तपासण्या झाल्या. तोंडात लगदा भरून मापं घेतली आणि प्लास्टरचे साचे केले. संपूर्ण बत्तीशीचा एक एक्स-रे, ओपीजी म्हणतात तो. आणि डोकं कानांच्या खुंट्यांत अडकवून बाजूने काढलेला दुसरा, त्याचं नाव लॅटरल सेफ. या दुसऱ्या फोटोवर मॅडमनी पारदर्शक कागद ठेवून पेन्सिलीने रेघा मारल्या. मी बँकेतला माणूस, आकडे दिसले की मला जरा बरं वाटतं. कवटीच्या तळापासून वरच्या जबड्याचा कोन साधारण 82 अंश असावा, खालच्याचा 80. वरचा दोनाने पुढे असला की चावा बसतो. माझा खालच्याचा कोन निघाला 80, आणि वरच्याचा 77.

"म्हणजे खालचा जबडा मोठा नाहीच?" मी विचारलं.

"नाही. तो पुस्तकात लिहिलाय तिथंच आहे. वरचा मागे राहिलाय, म्हणून तो पुढे दिसतो."

मी ते घरी येऊन अण्णांना सांगितलं. तीन पिढ्या ज्या हनुवटीला नावं ठेवली तिचा काही दोषच नव्हता. त्यांना ते पटलं नाही. "हनुवटी म्हंजे हनुवटीच," असं म्हणून त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. (मॅडमनी युरोपातल्या हॅब्सबर्ग राजघराण्याचाही विषय काढला होता. पिढ्यान्‌पिढ्या असाच जबडा, आणि स्पेनचा शेवटचा हॅब्सबर्ग राजा दुसरा कार्लोस, 1700मध्ये वारला, त्याला नीट चावताही यायचं नाही म्हणे. एवढं मात्र अण्णांनी पुढे चार जणांना सांगितलं.)

माझ्यासमोर तीन वाटा होत्या. पहिली, काहीच करायचं नाही. मॅडमनी ही वाट खरोखरच वाट म्हणून सांगितली, मला भीती घालायला नाही. पुढचे दात कडांना झिजलेत, खालच्या दोन दातांवरची हिरडी उतरलीय, दाढा थकतील. पण माणूस यानं मरत नाही. दुसरी, हाडाला हात न लावता नुसते दात हलवून चावा जुळवायचा. खालच्या दोन उपदाढा काढायच्या, खालचे पुढचे दात मागे झुकवायचे, वरचे पुढे कलवायचे. ऑपरेशन नाही, दीडेक वर्षात मोकळं. पण माझे खालचे दात आधीच आत झुकलेले होते आणि त्यांच्यापुढचं हाड पातळ. आणखी झुकवले तर हिरडी आणखी उतरायची भीती. तिसरी, तारा लावायच्या आणि ऑपरेशनही करायचं.

मधल्या काळात मी आणखी दोन ठिकाणी विचारलं. एका चकचकीत क्लिनिकमध्ये पारदर्शक अलायनर, म्हणजे दातांवर चढवायच्या प्लास्टिकच्या टोप्या, दाखवले आणि सहा महिन्यांत 'स्माइल' देण्याचं कबूल केलं. लॅटरल सेफचा फोटो मी पुढे केला, तो कुणी हातातही घेतला नाही. अलायनर वाईट असतात असं मी म्हणत नाही. बँकेतल्या माझ्या एका सहकारी बाईंचे वाकडे दात त्यांनी छान सरळ झाले. पण तीन मिलिमीटर मागे राहिलेलं हाड प्लास्टिकच्या टोपीने पुढे येत नाही, हे सांगायला जो एक्स-रे बघत नाही त्याच्याकडे पैसे भरायचे नाहीत, एवढं मी ठरवलं. तेव्हाच कळलं की बीडीएसच्या पाच वर्षांनंतर याच विषयात तीन वर्षं एमडीएस केलेला माणूस वेगळा. पाटीवर 'दातांना तारा लावून मिळतील' असं कुणीही लिहितं.

आणखी एक गोष्ट मॅडमनी आधीच साफ केली. माझा जबडा तोंड उघडताना कानापाशी 'कट्‌' वाजायचा. मला वाटत होतं, चावा सुधारला की हे जाईल. त्या म्हणाल्या, "दुखत नाही ना? मग त्यासाठी हे करू नका. तारांनी ते जाईलच असं नाही, आणि तारांनी ते होतंही नाही. ते वाजणं तुमचं तुमच्याजवळ राहील असं धरून निर्णय घ्या." उपचार विकत नसलेला डॉक्टर मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. तिसरी वाट मी बहुतेक तिथेच निवडली.

मार्च 2022मध्ये हिरड्या साफ करून घेतल्या आणि तारा बसल्या. माझा मोठा आधार होता तोंडावरचा मास्क. चाळिशीला टेकलेला माणूस कॅश काउंटरवर दातांना तारा लावून बसलाय हे वर्षभर तरी कुणाला दिसणार नाही असं मी गृहीत धरलं होतं. आणि 2 एप्रिलला, ऐन पाडव्याच्या दिवशी, राज्य सरकारने मास्कची सक्ती उठवली. सोमवारी बँकेत गेलो तर पासबुक भरायला आलेले एक आजोबा काचेतून वाकून बघत म्हणाले, "सायेब, लगीन ठरलं का काय?"

पहिल्या आठवड्याचं दुखणं मी सांगत बसत नाही, ते सगळ्यांचं सारखंच असतं. गालाला टोचलं की मेण लावायचं, वरणभात खायचा. पण दोन गोष्टी मजेच्या. एक म्हणजे तार. निकेल-टायटॅनियमची पहिली तार मॅडमनी लेकीला खेळायला दिली. थंड पाण्यात बुडवली की ती दोऱ्यासारखी मऊ पडायची, कशीही वळायची. हातात धरून गरम झाली की सुळकन आपल्या मूळ कमानीवर यायची. "तोंडात गरम असतं ना, म्हणून ती दातांना तिकडे ओढत राहते," मॅडम तिला सांगत होत्या आणि मीही ऐकत होतो. दात हाडात सिमेंटने बसवल्यासारखा नसतो, मुळाभोवतीच्या तंतूंवर टांगलेला असतो. ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड विरघळतं, मागच्या बाजूला नवं भरतं. महिन्याला साधारण एक मिलिमीटर. घाई करून जास्त जोर लावला तर दात पळत नाही, उलट मूळ झिजतं.

दुसरी गोष्ट हळद. सांगली हळदीची पेठ, आणि मी तारा बांधायच्या रबरांचा रंग निवडला पांढरट. दोन दिवसांत माझं तोंड मार्केट यार्डासारखं झालं. पुढच्या वेळी निमूट राखाडी रंग घेतला.

खरी परीक्षा पुढे होती आणि तिची कल्पना दिलेली असूनही मी तयार नव्हतो. जबडे जुळत नसले की दात आपापली तडजोड करून घेतात. वरचे पुढे कलतात, खालचे मागे झुकतात, म्हणजे थोडंतरी जमतं. ऑपरेशनमध्ये हाड योग्य जागी आणायचं तर ही तडजोड आधी मोडावी लागते. दात आपापल्या हाडावर सरळ उभे करायचे. म्हणजे चावा सुधारण्याआधी मुद्दाम बिघडवायचा. माझा पुढचा उलटा फरक तीन मिलिमीटरचा होता, तो वर्षभरात पाच झाला. हनुवटी आणखी पुढे दिसायला लागली. नातेवाईक विचारायचे, "पैसे भरून वाईट कसं झालं?" काय सांगणार? माझा 'स' आधीपासूनच जरा शिट्टी मारायचा. त्या वर्षी 'सही' हा शब्द मी दिवसातून शंभरदा म्हणत होतो आणि शंभरदा शिट्टी वाजत होती.

त्या वर्षात आम्ही बापलेक एकाच नावेत होतो. किल्ली फिरवून फिरवून तिच्या वरच्या दोन दातांत फट पडली तेव्हा बायको घाबरली. मॅडम म्हणाल्या, फट पडली म्हणजे टाळूचा सांधा उघडला, छान झालं. माझ्या टाळूचा तो सांधा कधीच बंद झालाय, तो किल्लीला दाद देणार नाही. तिचा चेहऱ्यावरचा सांगाडा कपाळाला आणि हनुवटीला टेकायचा, मधून दोन रबरं तोंडात जायची. रबरांच्या पाकिटांवर प्राण्यांची चित्रं. किती तास लावलं ते आम्ही कालनिर्णयच्या चौकोनांत लिहायचो, वरच्या कोपऱ्यात तिचं, खाली एकादशी आणि संकष्टीच्या शेजारी माझ्या अपॉइंटमेंटा. अकरा महिन्यांनी तिचे वरचे दात खालच्यांच्या पुढे आले. मॅडमनी आनंदात पाणी घातलं: वाढ थांबेपर्यंत दर सहा महिन्यांनी यायचं, वयात येताना खालचा जबडा पुन्हा जोर धरू शकतो. तिचंही कदाचित पुढे ऑपरेशन लागेल, कदाचित नाही.

माझं ऑपरेशन पुण्यात ठरलं. सर्जननी कॉम्प्युटरवर माझी कवटी फिरवून दाखवली. स्वतःची कवटी स्वतः बघणं हा अनुभव मी कुणाला सुचवणार नाही. त्यांनी दोन आराखडे मांडले. एक, वरचा जबडा थोडा पुढे आणि खालचा थोडा मागे, चेहरा अगदी 'नॉर्मल'. दोन, फक्त वरचा, सात मिलिमीटर पुढे. खालच्याला हात नाही.

पडद्यावरचा पहिला चेहरा देखणा होता, खोटं कशाला बोलू. पण तो आमच्यातला नव्हता. भिंतीवरच्या फोटोंच्या ओळीत तो पाहुण्यासारखा वाटला असता. मी सर्जनना विचारलं, खालच्याचा कोन 80 आहे ना, मग त्याला मागे कशाला ढकलायचं? ते हसले. म्हणाले, तुम्ही घोरता का? घोरतो. मग तर नकोच. खालचा मागे नेला की घशातली श्वासाची वाट अरुंद होऊ शकते. वरचा पुढे आणला तर उलट मोकळी होते. दुसरा आराखडा ठरला. माझा हट्ट आणि त्यांचं शास्त्र एका जागी आले हे माझं नशीब. आले नसते तर मी काय केलं असतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

या कापण्याला 'ल फोर वन' म्हणतात. रने ल फोर नावाच्या फ्रेंच सर्जनने 1901मध्ये प्रेतांच्या कवट्यांवर घाव घालून चेहऱ्याचं हाड कुठे कुठे तुटतं ते पाहिलं होतं. त्यातली सगळ्यात खालची रेघ नाकाच्या तळाशी, वरच्या दातांच्या मुळांवरून आडवी जाते. तिथंच आता मुद्दाम, आखून कापतात. सगळं ओठाच्या आतून. बाहेर एक ओरखडा दिसत नाही. बदललं तर नाक जरा रुंद होतं, म्हणून आतून एक टाका घेऊन ते आवळून ठेवतात. हे मला आधी सांगितलं, म्हणून नंतर आरशात नाक बघून दचकलो नाही.

विम्याचं थोडक्यात सांगतो, कारण रक्तदाब वाढतो. पहिला अर्ज 'कॉस्मेटिक' म्हणून परत आला. बँकेत मी रोज लोकांना कागद अपुरा म्हणून परत पाठवतो, त्याची फेड झाली. मग चावता येत नाही, दाढा तडकल्यात, कोन इतका, फरक इतका असं दोन्ही डॉक्टरांचं पत्र, एक्स-रे आणि साच्यांचे फोटो जोडून पुन्हा पाठवलं. दोन लाख 85 हजारांच्या बिलातले एक लाख 60 हजार मंजूर झाले. तारांचे 55 हजार वेगळे, ते कुणीच देत नाही. कुणी या वाटेला जाणार असेल तर 'सुंदर दिसणं' हा शब्द कुठल्याही कागदावर येऊ देऊ नका.

जून 2023. आदल्या दिवशी तारेवर रबरं अडकवायला छोटे छोटे हुक बसवलेले होते. नाकातून नळी घालून भूल दिली. मला आठवतं ते छतावरचा दिवा आणि कुणीतरी म्हणालेलं "दीर्घ श्वास घ्या". तीन तासांनी जाग आली तेव्हा तोंड माझं नव्हतं. गाल कानापर्यंत सुजलेले, नाकातून रक्त ठिपकतंय, वरचे आणि खालचे दात रबरांनी एकमेकांना बांधलेले. आत टायटॅनियमच्या चार पट्ट्या आणि स्क्रू. दुखणं मात्र आश्चर्य वाटावं इतकं कमी. कारण नाकाखालचं काही कळतच नव्हतं. वरचा ओठ म्हणजे लाकडाची फळी.

नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, झोपायचं उशा रचून अर्धं बसून. तिसऱ्या दिवशी सूज एवढी चढली की मोबाइलने मला ओळखायला नकार दिला. घरी आलो आणि पाचव्या दिवशी, कारण काही नसताना, स्वयंपाकघरात उभा राहून रडलो. भुकेने असेल. बायको पेज गाळत होती. तिने काही विचारलं नाही, वाटी पुढे केली, "अहो, मीठ बघा जरा," म्हणाली. जिभेला मीठ कळत होतं, ओठाला वाटी लागलेली कळत नव्हती. अर्धी पेज शर्टावर.

सहा आठवडे मी काय काय प्यायलो ते ऐका. भाताची पेज, मुगाचं कढण, टोमॅटोचं सार, नाचणीची आंबील, ताक, पातळ केलेला कुर्मा, एकदा तर पांढरा रस्सा गाळून. तो आत्याने कोल्हापूरहून पाठवला होता. सुरुवातीला सिरिंजला नळी लावून गालाच्या कडेने, मग कपाने. मिक्सरच्या भांड्यातून गेलेला प्रत्येक पदार्थ एकाच रंगाचा होतो हे मला तेव्हा कळलं. सहा किलो वजन उतरलं. आषाढी आली, लोक उपासाच्या पदार्थांवर तुटून पडले होते आणि मी साबुदाण्याची खीर चमच्याने नव्हे, नळीने ओढत होतो.

अण्णा गावाहून बघायला आले. आले तेव्हा सूज बरीच उतरली होती. दारातच उभे राहून त्यांनी मला समोरून बघितलं, मग खांद्याला धरून उजेडाकडे वळवलं आणि बाजूनं बघितलं. बराच वेळ. "हनुवटी हाय की जाग्यावर," म्हणाले आणि चहा मागितला.

पुढचे महिने रबरांचे. दात नेमके बसवायचे, ओठात जाण येण्याची वाट बघायची. ओठ तीनेक महिन्यांत परत आला, मुंग्या येत येत, वीज चमकल्यासारखा. पुढच्या दातांवरची हिरडी अजूनही थोडी मठ्ठ आहे. ब्रश फिरतोय हे कळतं, नेमका कुठे ते कळत नाही. कानापाशी 'कट्‌' वाजणं जसंच्या तसं आहे. मॅडमनी सांगितलं होतंच. घोरणं कमी झालंय असं बायको म्हणते, पण ती माझं मन राखायलाही म्हणत असेल.

आणि चावणं? ऑक्टोबरच्या सुरुवातीला मऊ खाण्याची मुदत संपली. मी मुद्दाम कुणाला न सांगता एसटी स्टँडजवळच्या गाड्यावर गेलो. वडापाव घेतला, बोटांनी न मोडता अख्खा तोंडासमोर धरला आणि चावलो. पावावर अर्धगोल कापलं गेलं. मी तो पाव काढून बघितला. कडेला दातांचे ठसे होते, वरचे आणि खालचे, एकमेकांसमोर. गाडीवाला म्हणाला, "केस निघाला काय सायेब?" मी नाही म्हटलं. तो मला दुसरा पाव देत होता.

फेब्रुवारी 2024मध्ये तारा निघाल्या. जीभ दिवसभर दातांवरून फिरत होती, ओल्या फरशीवरून घसरल्यासारखी. खालच्या पुढच्या दातांमागे एक बारीक तार कायमची चिकटवली, वर रात्री लावायची पारदर्शक पट्टी दिली. "किती दिवस लावायची?" "दात आहेत तोवर," मॅडम म्हणाल्या. तंतूंना जुनी जागा आठवत राहते, सोडलं की दात परत निघतात. मग सूचना: बर्फ फोडायचा नाही, कडक चिक्की नाही, सुपारी नाही. आणि ऊस तर अजिबात नाही, मागची तार सुटेल.

हंगाम संपत आला होता. रविवारी गावाला गेलो तर आमच्या शेतात तोडणी चालू होती. तो चुलतभाऊही होता. मी एक कांडं उचललं, बुडख्याकडून. गोड तिकडे असतो. तोंडात धरलं, वरच्या दातांनी कड पकडली आणि मान मागे घेतली. साल लांब, शेवटपर्यंत, एका पट्टीत निघाली. त्याने बघितलं आणि काहीच बोलला नाही, कोयता चालवत राहिला. मी दुसरी साल काढली. तिसऱ्या सालीला जिभेखाली काहीतरी टोचलं.

सोमवारी सकाळी क्लिनिकला फोन केला. मागची तार सुटलीय, म्हटलं. पलीकडच्या ताईंनी कारण विचारलं नाही. "मुलीची सहामाही तपासणी याच आठवड्यात आहे," त्या म्हणाल्या, "दोघांची एकदमच लिहू का?"